टीम कोचिंग

एकाच कामाची जबाबदारी मिळून पेलणाऱ्या गटासोबत, त्याचे रोजचे काम चालू असतानाच, कोचने काही महिने केलेले काम म्हणजे टीम कोचिंग. निर्णय घेण्याची ताकद एकाच खुर्चीत न अडकता गटात मुरावी, हा त्यामागचा हेतू. नागपुरात कोचिंग म्हटले की शिकवणी वर्गच आठवतात. इथला कोच मात्र शिकवतो कमी, विचारतो जास्त.

समजा, नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात सकाळची प्रॉडक्शन मीटिंग चालू आहे. रात्रपाळीत एक मशीन दोन तास बंद होते. मेंटेनन्सवाला बोलण्याआधी प्लांट हेडकडे बघतो, क्वालिटीच्या मॅडम वहीतून मान वर काढत नाहीत, शेवटी उत्तर साहेबच देतात. कोच मागच्या खुर्चीत बसून कोण कुणाकडे पाहून थांबले ते टिपतो आणि उठताना एवढेच विचारतो, ‘आज साहेब सुट्टीवर असते तर हे कुणी ठरवलं असतं?’ खरे काम इथून सुरू होते. साहेब सगळ्यांत शेवटी बोलू लागतात, मीटिंग सुपरवायझर आळीपाळीने चालवतात. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो; दोन दिवसांच्या हॉटेलातल्या शिबिराने ते होत नाही.

या पद्धतीला भक्कम सैद्धांतिक बैठक दिली ती गटांच्या कामाचा अभ्यास करणारे संशोधक रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेगमन यांनी, २००५ मध्ये. गटातले संबंध गोड झाले की काम सुधारतेच, हा समज त्यांनी खोडून काढला. कोचने लक्ष द्यावे ते मेहनत, कामाची रीत आणि कौशल्य या तीन गोष्टींकडे, आणि तेही वेळ साधून: सुरुवातीला उमेद, मध्यावर रीत, शेवटी झालेल्या कामातून शिकणे. मध्याला महत्त्व आले ते संशोधक कॉनी गर्सिक यांच्या १९८८ च्या अभ्यासामुळे. मुदत निम्मी सरली की गट आपली चाल बदलतात, असे त्यांना आढळले होते.

नागपुरात हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या आयटी कंपन्या, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय अशी नाना तऱ्हेची कामाची ठिकाणे आहेत. कारखान्यातली बोली वऱ्हाडी आणि हिंदीची मिसळ. कोचला ती यायलाच हवी, कारण इंग्रजी स्लाइडपुढे अनुभवी फोरमनसुद्धा गप्प बसतो. कोचसमोर कुणी काय बोलले ते बढतीच्या फाइलपर्यंत पोचता कामा नये, हेही पहिल्याच दिवशी सर्वांसमोर ठरवावे लागते.

गटाची बांधणीच चुकली असेल तर कोचिंगचा उपयोग थोडाच, असेही हॅकमन-वेगमन बजावतात. इन्सेन्टिव्ह ज्याच्या त्याच्या आकड्यावर मिळत असेल, तर एक पाळी दुसरीसाठी मशीन साफ करून ठेवणार नाही; तिथे कोच बोलावण्याआधी तो नियम बदलावा.