मासिकाची टपाल नोंदणी : सवलतीच्या दरासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

मराठी नियतकालिकाच्या श्रेयपानावर तळाशी बारीक टायपात बहुधा दोन क्रमांक छापलेले असतात. त्यांपैकी एक प्रकाशनाच्या नोंदणीचा असतो आणि दुसरा टपाल खात्याने दिलेला असतो. पहिला मिळाला की सवलतीचा टपाल दर आपोआप लागू होतो, असे अनेक नवे प्रकाशक गृहीत धरतात आणि वर्गणीचा हिशेबही त्याच भरवशावर मांडतात. प्रत्यक्षात या दोन नोंदण्या स्वतंत्र असून त्यांच्या अटी वेगळ्या आहेत, आणि पहिली मिळालेले प्रत्येक नियतकालिक दुसरीस पात्र ठरतेच असे नाही.

पहिली नोंदणी भारताच्या प्रेस महानिबंधकांकडे होते. १८६७ चा मुद्रणविषयक जुना कायदा रद्द होऊन १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ लागू झाला आहे, आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. त्याच भाषेत देशात कोठेही, किंवा त्याच राज्यात अन्य कोणत्याही भाषेत, दुसऱ्या मालकाकडे असलेल्या शीर्षकासारखे किंवा त्याच्याशी मिळतेजुळते शीर्षक मंजूर होत नाही. म्हणून मुखपृष्ठाचे डिझाइन करून घेण्यापूर्वीच पर्यायी शीर्षके हाताशी ठेवावीत. अर्जाची प्रत जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्याकडे जाते व अभिप्राय देण्यासाठी त्याला ६० दिवसांची मुदत असते. येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. या कायद्यातील नियतकालिकाच्या व्याख्येतून पुस्तके तसेच वैज्ञानिक, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाची जर्नल्स वगळलेली आहेत. महाविद्यालयाच्या विभागाने काढलेली संशोधन पत्रिका त्यामुळे पहिल्याच पायरीवर या वाटेबाहेर राहते.

दुसरी नोंदणी टपाल खात्याची. तिची चौकट १८९८ च्या, आता रद्द झालेल्या, टपाल कायद्याने घालून दिली. त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ म्हणजे केवळ दैनिक नव्हे. ज्या प्रकाशनाचा सर्व किंवा बराचसा मजकूर राजकीय वा अन्य बातम्या, त्यांच्याशी संबंधित लेख किंवा इतर चालू विषयांवरील लेखन असा आहे, जे अंकांच्या रूपाने निघते, ज्याच्या दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा अधिक अंतर नसते आणि ज्याच्याकडे खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची, किमान ५० नावांची, यादी आहे, असे साप्ताहिक, पाक्षिक किंवा मासिकही त्यात बसते. जाहिराती असणे ही अडचण नाही. फुकट वाटल्या जाणाऱ्या संस्थेच्या मुखपत्राला मात्र वर्गणीदारांची अट अडवते.

बहुतेक अर्ज घसरतात ते ३१ दिवसांच्या अटीवर. द्वैमासिक, त्रैमासिक आणि वार्षिक प्रकाशने तिच्यामुळे सरळ बाहेर पडतात, आणि मराठीत गंभीर लेखन करणारी कितीतरी नियतकालिके नेमकी त्रैमासिक आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. केवळ दिवाळी अंक काढणाऱ्यांनाही हा दर मिळत नाही. मासिकाचाच दिवाळी अंक असेल तर तो नियमित अंक म्हणून जाऊ शकतो. तथापि ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडअंक’ काढताना दोन अंकांमधील अंतर वाढते, तेव्हा विभागीय कार्यालयाशी आधीच लेखी बोलणे करून ठेवणे शहाणपणाचे. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा ही यावरची पळवाट नाही, कारण ती शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक स्वरूपाच्या पुस्तकांसाठी असून जाहिराती असलेले प्रकाशन तिच्यात स्वीकारले जात नाही, आणि जाहिरातींवाचून दिवाळी अंक निघणे कठीणच.

इतका खटाटोप कशासाठी, हे दर पाहिल्यावर कळते. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या एका प्रतीला ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे आणि त्यापुढील प्रत्येक १०० ग्रॅमला २० पैसे असा दर वर्षानुवर्षे चालत आला आहे. या हिशेबाने वेष्टनासह १८० ग्रॅम भरणाऱ्या मासिकाला ७० पैसे आणि ४०० ग्रॅमच्या जाडजूड दिवाळी अंकाला १ रुपया १० पैसे पडतात. २० ग्रॅमच्या साध्या पत्राला ५ रुपये लागतात, हे शेजारी ठेवून पाहावे. वजन वेष्टनासह धरले जात असल्याने कागदाची जाडी ठरवताना १०० ग्रॅमचे टप्पे ध्यानात ठेवावेत. १८९८ च्या कायद्याच्या जागी १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ ने सेवा आणि शुल्क ठरविण्याचे काम टपाल सेवा महासंचालकांच्या विनियमांवर सोपविले आहे, म्हणून अर्जापूर्वी चालू दरपत्रक मागून घ्यावे.

अर्ज आपल्या टपाल विभागाच्या अधीक्षकांकडे किंवा प्रवर अधीक्षकांकडे करावयाचा असतो. त्यासोबत प्रेस महानिबंधकांच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, अलीकडील अंकांच्या प्रती आणि पत्त्यांसह वर्गणीदारांची यादी जोडावी. अंक कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या ठराविक तारखांना टाकला जाईल हे स्पष्ट लिहावे. शीर्षक, मालकाचे नाव, कालावधी आणि पत्ता ही माहिती प्रमाणपत्रात, अंकात व अर्जात अक्षरशः एकसारखी असावी, कारण क्षुल्लक वाटणाऱ्या तफावतीसाठी अर्ज परत येतो. मुंबईतील अनेक नियतकालिकांवर ‘पत्रिका चॅनेल सॉर्टिंग ऑफिस’ असा उल्लेख आढळतो, तो अंक टाकण्याच्या ठरलेल्या ठिकाणाचा. प्रत्येक प्रतीवर तिकीट चिकटविण्यातून सुटका हवी असेल तर पूर्वशुल्काशिवाय अंक टाकण्याचा परवाना वेगळा मागावा लागतो. त्याचाही क्रमांक अंकावर छापतात.

मंजुरी तीन वर्षांसाठी असते. क्रमांकाच्या शेवटी ‘२०२४-२६’ असे दिसते ते त्यामुळेच. मुदत तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरअखेर संपते, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज दिवाळी अंकाच्या धामधुमीत विसरला जाणार नाही अशा बेताने आधीच तयार ठेवावा.

पुरवणीबाबतही दक्षता हवी. १८९८ च्या जुन्या टपाल कायद्याप्रमाणे पुरवणीतील मजकूर मूळ अंकासारखाच असावा लागतो आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर नियतकालिकाचे नाव व प्रकाशनाची तारीख छापलेली असावी लागते. एखाद्या जाहिरातदाराचे सुटे पत्रक अंकात सरकवले तर ते पुरवणी ठरत नाही. एकाच वेष्टनात अनेक प्रती विक्रेत्याला पाठविण्याचा दर निराळा असतो आणि असा गठ्ठा घरपोच मिळत नाही, तो मान्य एजंटाला टपाल कार्यालयातून घ्यावा लागतो. परदेशातील वर्गणीदारांना देशांतर्गत सवलत लागू नाही. त्यांची वर्गणी वेगळी ठेवावी.

या दरात पोचपावती किंवा ट्रॅकिंग मिळत नाही. अंक न मिळाल्याच्या तक्रारी कमी करण्याचा प्रकाशकाच्या हातातला उपाय म्हणजे पत्त्यांची यादी पिनकोडनुसार लावणे आणि गठ्ठेही तसेच बांधणे. ४ ने सुरू होणाऱ्या पिनकोडांत महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात, त्यामुळे इंदूरचे वर्गणीदार त्याच रांगेत बसतात, तर बडोद्याचे ३९० ने आणि बेळगावचे ५९० ने सुरू होणारे पत्ते वेगळे काढावे लागतात. अंक परत आला की त्या वर्गणीदाराला फोन करून पत्ता त्याच महिन्यात दुरुस्त करावा; नूतनीकरणाच्या वेळी हीच यादी पुन्हा दाखवावी लागते.