ध चा मा

ध चा मा : हुकमातले अक्षर बदलून त्याचा अर्थ फिरवणे, या अर्थी मराठीत रूढ असलेला वाक्प्रचार. त्याचा उगम पेशवे नारायणराव (१७५५–७३) यांच्या वधाशी जोडतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी (पेशव्यांच्या चाकरीतले भाडोत्री शिपाई) पुण्याच्या शनिवारवाड्यात घुसले. ‘काका, मला वाचवा’ म्हणत चुलते रघुनाथराव यांना बिलगलेल्या अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी तेथेच ठार केले. धन्याला वाचवायला आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. सुमेरसिंग, महंमद इसफ व खरगसिंग हे गारद्यांचे म्होरके होते. त्यांना सामील असलेला तुळाजी पवार हा रघुनाथरावांचा खासगीतला माणूस.

रूढ कथेप्रमाणे रघुनाथरावांनी ‘नारायणरावास धरावे’ असा लेखी हुकूम दिला आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) ही हकीकत दिली असून चौकशी करणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांना कागदावरील फेरफार दिसला, असे म्हटले आहे. अक्षर बाईंनीच बदलले, हे मात्र तोही लोकांची समजूत म्हणूनच नोंदवतो. कॅप्टन केपनने केलेल्या या ग्रंथाच्या मराठी भाषांतरामुळे (१८३० च्या सुमारास) ही कथा बहुधा अधिक पसरली.

मुख्य अडचण लिपीची आहे. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायला ध चा म करून भागत नाही, शिवाय एक काना लागतो. म्हणूनच वाक्प्रचारातही ‘म’ नसून ‘मा’ आहे. दप्तरी लेखन मोडी या जलद लिहिण्याच्या लिपीत होई. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे शक्यतो हात न उचलता जोडून लिहीत आणि काना पुष्कळदा अक्षराच्याच वळणात मिसळलेला असे. अशा जुळलेल्या ओळीत ध आणि र यांच्यामध्ये मागाहून काना घुसवणे सोपे नव्हे, आणि तो घुसवलाच तर जाणत्या कारकुनाच्या नजरेतून सुटणे त्याहून कठीण. अर्थात गारदी काही कारकून नव्हते, असे यावर म्हणता येईल. पण मूळ कागद ज्ञात दप्तरांत मिळत नसल्याने हा वाद अक्षरावरून सुटणारा नाही.

या कथेने रघुनाथरावांचा अपराध ‘धरण्या’पुरता उरतो आणि वधाचा दोष पत्नीकडे जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रामशास्त्र्यांनी ही वाटणी मानली नसावी, कारण त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना. त्यामुळे ही कथा घटनेनंतर आकाराला आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ललित लेखनाने मात्र आनंदीबाईंच्या हातातली लेखणी सोडलेली नाही. समई, दौत आणि एक काना एवढ्यावर वाड्यातले कारस्थान उभे करता येते; थकलेल्या पगाराचे हिशेब रंगवणे जड जाते. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे नाटक याच प्रकरणावर आहे. ‘रामशास्त्री’ (१९४४) या प्रभातच्या चित्रपटात आनंदीबाईंची भूमिका ललिता पवार यांनी केली.