उल्लोल, सेश आणि झेंडा: मोठ्या सरोवरातल्या वादळांची पार्श्वभूमी

काश्मीरमधल्या वुलर सरोवराचे जुने नाव महापद्मसर. पुढे त्याला उल्लोल म्हणू लागले आणि 'वुलर' हे त्या उल्लोलाचेच झिजलेले रूप मानले जाते. उल्लोल म्हणजे उसळणारी मोठी लाट. मराठीतल्या कल्लोळाचा सख्खा भाऊ. तळ्याला लाटेचे नाव देणारा माणूस काठावरून सूर्यास्त बघणारा नक्कीच नसेल. दुपार कलली की डोंगरातून वारा सुटतो आणि सकाळी आरशासारखे पडलेले पाणी बघता बघता खवळते, हे तिथल्या हांजींना, म्हणजे नावाड्यांना, पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. 15व्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने या तळ्यात भर टाकून झैना लांक नावाचे बेट उभारले. वादळात सापडलेल्या नावांना आसरा मिळावा म्हणून, असे परंपरा सांगते. याहून साधा उपाय नोरू कालव्याचा होता. सोपोरकडे जाणाऱ्या नावा तळ्यात शिरायच्याच नाहीत, कालव्याने बगल देऊन जायच्या.

हाच उपाय पुढे रशियाच्या सम्राटानेही केला, फक्त त्याचा आकार सम्राटाला शोभेसा होता. 1703 मध्ये पीटर द ग्रेटने सेंट पीटर्सबर्ग वसवले. नव्या राजधानीचे धान्य आणि लाकूड व्होल्खोव्ह नदीतून लडोगा सरोवरात आणि तिथून नेव्हा नदीत असे येई. नदीसाठी बांधलेल्या सपाट तळाच्या होड्या लडोगाच्या लाटांपुढे टिकत नसत; माल आणि माणसे बुडत. अखेर 1719 मध्ये सरोवराच्या दक्षिण काठाला लागून कालवा खोदायला सुरुवात झाली. पीटर 1725 मध्ये वारला, कालवा 1731 मध्ये पुरा झाला. लांबी 117 किलोमीटर. शेजारी पाण्याचा एवढा मोठा रस्ता असताना माणसांनी बारा वर्षे माती उपसली, यावरून त्या रस्त्याची धास्ती किती होती ते कळते.

ती धास्ती उगाच नव्हती, हे दोनशे वर्षांनी पुन्हा दिसले. 1941 च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला, म्हणजे तेव्हा नाव बदललेल्या सेंट पीटर्सबर्गला, जर्मन फौजांचा वेढा पडला आणि जमिनीवरची वाट तुटली. लडोगा हाच मार्ग उरला. 17 सप्टेंबरला क्रमांक 752 ची बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, लष्करी शाळांचे विद्यार्थी, अधिकारी आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन निघालेली असताना वादळात सापडली. एक हजाराहून अधिक माणसे गेली. ज्यांच्याकडे थांबण्याची सोयच नव्हती, अशी ही माणसे. या विषयातल्या बाकीच्या बहुतेक कहाण्यांमध्ये थांबता आले असते, आणि मला त्याच जास्त अस्वस्थ करतात.

'तळेच तर आहे, समुद्र थोडाच आहे' हा समज मुळात कुठे चुकतो, ते पाहू. लाट किती उठेल हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावर त्याला किती लांब धावता येते, या तीन गोष्टींवर ठरते. तळ्यात ही धाव कमी, म्हणून लाटेची उंची कमी. इथवर समज बरोबर आहे. पण धाव कमी म्हणजे दोन लाटांमधले अंतरही कमी. महासागराची तुफानी लाट दहा-बारा सेकंदांनी येते. तिच्या पाठीवर नाव चढते, उतरते, सावरते. मध्यम आकाराच्या तळ्यात तीन-चार सेकंदांनी पुढची लाट येऊन थडकते आणि ती उभी असते. नावेचे तोंड एका लाटेतून वर येईपर्यंत दुसरी लाट आत शिरते. आत आलेले पाणी नुसते वजन वाढवत नाही, ते नाव कलेल त्या बाजूला धावते आणि नाव आणखी कलवते. अशा वेळी इंजिन बंद पडले, की नाव वाऱ्याला आडवी होते. पुढचे काम लाटा करतात. शिवाय तळे लहान, म्हणून ते लवकर खवळते. समुद्राला उसळायला अर्धा दिवस लागेल तिथे तळ्याला पाऊण तास पुरतो.

भोवती डोंगर असले तर आणखी पंचाईत. गालिली सरोवराची लांबी जेमतेम 21 किलोमीटर आणि रुंदी 13, पण ते समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली, टेकड्यांच्या खोबणीत आहे. वरून कोसळणारा वारा थेट पाण्यावर आदळतो. येशूने वादळ शांत केल्याची कथा याच पाण्यावरची, आणि त्या कथेतले घाबरलेले शिष्य हौशी प्रवासी नव्हते. त्यांच्यातले काही पेशाने कोळी होते. बैकल सरोवरात अशाच वाऱ्याला सर्मा म्हणतात. ज्या नदीच्या खिंडीतून तो बाहेर पडतो, तिचेच हे नाव.

मोठ्या तळ्याचे आणखी एक वागणे स्वित्झर्लंडच्या फ्रांस्वा-आल्फोंस फोरेलने 19व्या शतकात बारकाईने मोजले. जिनिव्हा सरोवराच्या काठावर पाणी अधूनमधून कारण न दिसता चढते आणि उतरते. तिथले लोक त्याला सेश म्हणत. परातीत पाणी घेऊन परात हलवली की ते जसे या काठावरून त्या काठावर हेलकावते, तसे अख्खे सरोवर हेलकावते, हे फोरेलने दाखवून दिले. जिनिव्हात ते कुतूहल होते, अमेरिकेतल्या एरी सरोवरात ते जीव घेते. एरी सुमारे 388 किलोमीटर लांब आहे, पण त्याची सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. नैऋत्येचा वारा जोराने लागला की पाणी पूर्वेच्या टोकाला ढकलले जाते. 18 ऑक्टोबर 1844 च्या रात्री असे पाणी बफेलो शहरात घुसले आणि 78 माणसे बुडाली. 26 जून 1954 ला शिकागोत घडले ते तर चकवाच म्हणावा लागेल. सकाळी वादळाचा पट्टा मिशिगन सरोवरावरून निघून गेला होता, आभाळ निवळले होते, लोक धक्क्यावर मासे पकडायला गळ टाकून बसले होते. वादळाने ढकललेली लाट समोरच्या काठावर आपटून परत आली, सुमारे तीन मीटर उंच. आठ जण वाहून गेले.

सूचना देण्याचा इतिहास याच सरोवरांवर घडला. मिलवॉकीचा इन्क्रीज लॅफम हा जमिनीची मापे घेणारा, झाडे, कवड्या, हवामान अशा सगळ्यात रस असणारा माणूस. त्याचे म्हणणे अगदी साधे होते: इथली बरीच वादळे पश्चिमेकडून येतात, आणि तार वाऱ्यापेक्षा वेगाने धावते. मग पश्चिमेला वारा सुटला की पूर्वेच्या बंदरांना कळवायला काय हरकत आहे? त्याने सरोवरांवरल्या बुडालेल्या जहाजांच्या याद्या करून वॉशिंग्टनला पाठवल्या. फेब्रुवारी 1870 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने सरकारी हवामानसेवा सुरू झाली, ती लष्कराच्या संदेशखात्याकडे दिली गेली. 8 नोव्हेंबर 1870 ला लॅफमनेच सरोवरांसाठी वादळाचा पहिला इशारा दिला. त्याचा आशय असा, की शायेन आणि ओमाहा या पश्चिमेकडच्या शहरांत काल दिवसभर जोराचा वारा होता, वायुभारमापक उतरतो आहे, सरोवरांवर जोराचे वारे संभवतात. आज मोबाइलवर येणाऱ्या हवामानाच्या संदेशात यापेक्षा फार वेगळे काही नसते.

म्हणजे 1870 नंतर 'कळलेच नाही' ही सबब या सरोवरांवर बरीचशी संपायला हवी होती. 7 नोव्हेंबर 1913 ला बंदरांवर झेंडे चढले: मधोमध काळा चौकोन असलेला लाल झेंडा आणि वर पांढरी पताका. वायव्येकडून वादळ, हा त्याचा अर्थ सगळ्या कप्तानांना तोंडपाठ होता. पण नोव्हेंबर म्हणजे हंगामाची अखेर. पाणी गोठण्याआधी एक जास्तीची खेप झाली तर तेवढाच फायदा. मध्ये वारा थोडा पडला आणि जहाजे निघाली. 9 तारखेला ह्यूरन सरोवरावर ताशी 145 किलोमीटरपर्यंतचे वारे, बर्फाचा मारा आणि दहा-अकरा मीटरच्या लाटा, असे सगळे एकदमच आले. चार दिवसांत 12 जहाजे बुडाली, त्यांतली 8 ह्यूरनमध्ये. मृतांचा आकडा अडीचशेच्या वर. एक जहाज उलटे तरंगताना सापडले. ते कोणते, हे पाणबुड्याने खाली उतरून नाव वाचेपर्यंत काही दिवस कुणालाच सांगता आले नाही.

10 नोव्हेंबर 1975 ला सुपीरियर सरोवरात बुडालेले एडमंड फिट्झगेराल्ड हे जहाज 222 मीटर लांब होते. पोटात सुमारे 26 हजार टन लोहखनिज. इशारे मिळालेले होते, कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली अनुभवी होता, आणि वाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून त्याने उत्तरेचा, कॅनडाच्या काठाजवळचा मार्ग धरला होता. दुपारी जहाज एका बाजूला कलू लागले, रडार बंद पडले, मागून येणाऱ्या जहाजाच्या मदतीने वाट काढणे चालू होते. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्या जहाजाने विचारपूस केली तेव्हा 'टिकून आहोत' अशा अर्थाचे उत्तर आले. नंतर थोड्याच वेळात रडारच्या पडद्यावरचा ठिपका नाहीसा झाला. 29 पैकी कुणीच वाचले नाही. आसऱ्याचा उपसागर 30 किलोमीटरही दूर नव्हता. जहाज कशाने बुडाले यावर तपास करणाऱ्यांचे आणि जहाजमालकांच्या संघटनेचे एकमत कधीच झाले नाही.

मोठ्या जहाजांनी यातून बरेच काही घेतले. लहान होड्यांची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरावर दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे वाहतो आणि ढग भोवतालच्या जमिनीवर बनतात. रात्री उलट: चारी बाजूंची गार हवा पाण्यावर येऊन भिडते, खाली कोमट पाणी असते, आणि गडगडाटी वादळ सरोवराच्या मधोमध उभे राहते. तिथली चिमुकली चंदेरी मासळी पकडायची ती काळोख्या रात्री, दिव्याच्या उजेडाला भुलवून. म्हणजे कोळ्याच्या कामाची वेळ आणि वादळाची वेळ एकच. दिवसा जमिनीवर ढगांचा जोर किती होता यावरून रात्रीच्या वादळाचा अंदाज बांधता येतो, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पुढे जागतिक हवामान संघटनेच्या प्रकल्पातून या कोळ्यांसाठी वारा आणि लाटांचे वेगळे अंदाज स्थानिक भाषांमध्ये जाऊ लागले. माझ्या मते लॅफमच्या तारेनंतरचे हे सर्वांत मोलाचे पाऊल, कारण 'जाऊ नका' एवढेच सांगून ज्याची चूल पेटत नाही, त्याला 'आज रात्री कुठे जाऊ नका' हे सांगणे उपयोगी पडते.

पोट ज्यावर अवलंबून नाही अशा फेऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. 19 जुलै 2018 ला अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, टेबल रॉक सरोवरावर, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी एक सहलीची गाडी-बोट निघाली. संध्याकाळी 6.32 ला हवामानखात्याने या भागासाठी तीव्र वादळाचा इशारा दिला. फेरी रद्द झाली नाही, क्रम बदलला: आधी पाणी, मग रस्ता, म्हणजे वादळाच्या आत उरकेल. 6.55 च्या सुमाराला बोट पाण्यात उतरली तेव्हा तळे शांत होते. सातच्या ठोक्याला वाऱ्याची आघाडी येऊन धडकली, ताशी 110 किलोमीटरहून अधिक. 7.08 ला बोट बुडाली. 31 पैकी 17 जण गेले, त्यांतले नऊ एकाच कुटुंबातले. लाइफजॅकेटे बोटीतच होती. ती घाला, असे कुणी सांगितले नाही. आणि सांगितले असते तरी डोक्यावर पक्के छत आणि बाजूला पडदे. जॅकेट घातलेला माणूस बुडत्या बोटीत वर उचलला जातो, तो छताला चिकटतो.

ही छताची गोष्ट नवी नव्हती. 1999 मध्ये आर्कान्सा राज्यात अशीच एक बोट बुडून 13 जण गेले होते. 2002 च्या चौकशी अहवालात, बोटीत पाणी भरले तरी ती तरंगत राहील अशी व्यवस्था करा, आणि तोवर छते काढून टाका, असे स्पष्ट लिहिले होते. छते तशीच राहिली. त्यासंबंधीचा कायदा अमेरिकी संसदेने केला तो डिसेंबर 2022 मध्ये.