राजाच्या माणसांना वेशीबाहेर थांबवणारे खांब

श्रीलंकेत अनुराधपूरच्या आसपासच्या कोरडवाहू मुलखात चौकोनी दगडी खांब सापडतात. चारही अंगांनी जुन्या सिंहली अक्षरांत मजकूर कोरलेला. बहुतेक 9व्या-10व्या शतकातले. एखादं गाव किंवा जमीन विहाराला, भिक्षुणींच्या मठाला, कधी रुग्णालयाला लावून दिली, की राजाज्ञेने तिथे असा खांब रोवला जाई. अभ्यासक त्यांना अत्ताणी खांब म्हणतात.

दानलेखात राजाने काय दिलं, हे आपण आधी शोधतो. इथे खरा ऐवज मनाईंच्या यादीत आहे. अमुक अमुक अधिकाऱ्यांनी गावात शिरू नये. गाड्या, बैल, वेठीला माणसं नेऊ नयेत. नारळ-ताडाची झाडं तोडू नयेत. आश्रयाला आलेल्या गुन्हेगाराला हद्दीबाहेर पडल्यावरच पकडावं. इतकी बारीक मनाई कोणी उगाच कोरून घेत नाही. खांब नसलेल्या गावांत हे सर्रास चालत असणार. म्हणून ही यादी मला त्या काळच्या खेड्याची सगळ्यात बोलकी नोंद वाटते.

खांबावर सूर्य-चंद्र असतात, कारण आज्ञा तोवर टिकायची आहे. कावळा आणि कुत्राही असतात: आज्ञा मोडणाऱ्याला तो जन्म मिळेल. कोकणातल्या शिलाहारकालीन गद्धेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे दगड, पाहिलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

काळ ठरवणं मात्र किचकट. लेखात शक नसतो, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. आणि राजे आलटून पालटून दोनच बिरुदं घेत, सिरिसंगबो आणि अभा सलमेवन. मग दगडावर ओला कागद ब्रशने ठोकून ठसा घ्यायचा, अक्षरांची वळणं ताडायची, पुन्हा पुन्हा भेटणारी अधिकाऱ्यांची नावं जुळवायची आणि चूळवंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली बखरीशी पडताळायची. विक्रमसिंघे आणि परणवितान या शिलालेख-अभ्यासकांनी हे काम पिढ्यांना पुरेल इतकं करून ठेवलं.

पोलोन्नरुवातला निस्संक मल्ल राजाचा (1187–1196) गलपोत शिलालेख सुमारे 8 मीटर लांब आहे, पण त्यात आत्मस्तुती फार. त्यापेक्षा बदुल्लाचा 10व्या शतकातला खांब मोलाचा. तो मूळचा महियंगणजवळच्या सोरबोर तलावापाशी सापडलेला. राजा महियंगणला आला असताना होपिटिगमच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी गाऱ्हाणं घातलं: आधीच्या राजाने घालून दिलेले नियम अधिकारी धाब्यावर बसवतात आणि नको ते वसूल करतात. राजाने नियम नव्याने बांधून दिले आणि सुमारे 200 ओळींत कोरवले. गावातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालावर जकात नाही, बाजारात विकलेल्यावरच. मान्यता नसलेल्या मापाने मोजायचं नाही. पोयाच्या दिवशी, म्हणजे बौद्धांच्या उपोसथ या व्रताच्या दिवशी, दुकान उघडलं तर दंड महियंगणच्या विहारातल्या दिव्यांसाठी तेलाच्या रूपात भरायचा.