कडेवर कटर नेमका कुठे टेकतो?

मशिनवरून नुकत्याच उतरलेल्या जॉबच्या, म्हणजे कापलेल्या धातूच्या तुकड्याच्या, कडेवर नख फिरवलं, की एक पातळ, धारदार पापुद्रा अडतो. हाच बर. धातू आतल्या भागात कापला जातो तेव्हा टूलसमोर भरीव आधार असतो. कटर कडेबाहेर पडताना तो आधार संपतो. मग शेवटचा थर कापला न जाता बाहेर वाकतो आणि तिथेच लटकतो. म्हणून कडेसाठी टूल निवडताना कडकपणाच्याही आधी धार बघावी. बोथट कटर एक बर काढताना दुसरा तयार करतो.

कडेला ४५ अंशांचा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, द्यायला ९० अंशी टोकाचा कटर लागतो. त्यातली खरी गोम व्यासाची आहे. कटर टोकाला निमुळता असल्याने टोकापासून ३ मिमी वर त्याचा व्यास ६ मिमी असतो, अगदी टोकाशी शून्य. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, ५३०० आरपीएमने (मिनिटाला ५३०० फेरे) फिरत असेल, तर ६ मिमी व्यासावर कापण्याचा वेग मिनिटाला साधारण १०० मीटर मिळतो, १ मिमीवर जेमतेम १७. टोकाशी तर धातू कापलाच जात नाही, नुसता रगडला जातो. ०.५ मिमीचा चॅम्फर टोकाने मारण्यापेक्षा कटर २.५ मिमी आणखी खाली उतरवून तेवढाच बाजूला सरकवावा. चॅम्फर तोच येतो, पण ५ ते ६ मिमी व्यासाचा भाग काम करतो. फक्त खाली टोक कशाला धडकत नाही ना, हे आधी पाहावं.

ॲल्युमिनियम धारेला चिकटतं, त्यामुळे दोन-तीन फ्लूटचा, म्हणजे खोबणींचा, आणि त्या खोबणी चकचकीत असलेला कटर बरा. स्टेनलेस स्टील घासलं की पृष्ठभाग आणखी कडक होतो. तिथे भीतभीत फीड, म्हणजे कटर पुढे सरकवण्याचा वेग, कमी करणं महागात पडतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, त्याच्या कडेचे टवके उडतात. त्यावर उपाय म्हणजे कटर जिथून बाहेर पडणार, त्या कडेला आधीच चॅम्फर मारून ठेवायचा.

आणि कटर कार्बाइडचा की हायस्पीड स्टीलचा? हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कडकपणा टिकवतं, कार्बाइड त्याहून बरंच पुढे जातं. मशिन भक्कम असेल तर कार्बाइडच घ्यावं. पण ते ठिसूळ असतं. स्पिंडलमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल किंवा जॉब थरथरत असेल, तर कार्बाइडची धार तुटते. तिथे हायस्पीड स्टील जास्त टिकतं.