अडखळला, पण नेमका कुठे?

फाडफाड बोललं म्हणजे इंग्रजी आलं, हा समज शिकणाऱ्यांइतकाच परीक्षा घेणाऱ्यांमध्येही पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात वेग फार फसवा असतो, कारण पाठ केलेलं उत्तरही वेगानेच येतं. प्रौढ विद्यार्थ्याचं बोलणं तपासताना खरी माहिती मिळते ती थांब्यांमधून.

भाषेचे मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार बोलणं तीन टप्प्यांत घडतं. काय सांगायचं ते ठरतं, त्यासाठी शब्द आणि व्याकरण जुळतं, मग उच्चार होतो. मातृभाषेत मधला टप्पा बहुतांशी आपोआप उरकतो. त्यामुळे माणूस थांबतो तो बहुधा एक विचार पुरा झाल्यावर: ‘आय वेंट होम… बिकॉज आय वॉज टायर्ड.’ नवशिक्याचं सगळं लक्ष मधल्या टप्प्यातच खर्च होतं आणि तो वाक्याच्या पोटात अडतो: ‘आय वेंट टू द… स्टेशन.’ दोन्ही थांबे अर्ध्या सेकंदाचे असले, तरी पहिल्यात विचार चाललेला असतो आणि दुसऱ्यात शब्दाचा शोध.

हे मोजता येतं. विषय आयत्या वेळी द्या, तयारीला एक मिनिट द्या आणि दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. ते ‘अं’सकट जसंच्या तसं लिहून काढा. पाव सेकंदाहून लांब प्रत्येक शांततेवर खूण करा. त्याहून छोटी शांतता अनेकदा क, ट, प उच्चारताना हवा अडल्यामुळेच येते, ती धरू नका. आता उपवाक्याच्या सीमेवरचे आणि आतले थांबे वेगळे करा, आणि आतले थांबे दर शंभर शब्दांमागे किती ते काढा. काही माणसं मातृभाषेतही रेंगाळतच बोलतात, म्हणून शक्य असेल तर मातृभाषेतला नमुनाही घ्या आणि त्याच्याशी ताडून पाहा.

अर्थात, ओघ हा एकच निकष नव्हे. आयईएल्टीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेच्या बोलण्याच्या चाचणीत ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारांना समान वजन असतं. एका निकषाची छाप उरलेल्या तिघांवर पडते, म्हणून दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता प्रत्येक निकष स्वतंत्रपणे तपासावा. उच्चारात पाहायचं ते बोलणं समजतं का, एवढंच. ‘तीस दिवसांत परदेशी ढंग’ विकणाऱ्या जाहिराती मातृभाषेच्या छटेलाच दोष ठरवतात, आणि ते साफ चूक आहे.

प्रश्नानंतर विद्यार्थी गप्पच राहिला, तर लगेच गुण कापू नका. प्रश्नच कळला नसण्याची शक्यता असते. तो सोप्या शब्दांत पुन्हा विचारा आणि मगच नोंद करा.