क्वार्टर गेटची वेदी आणि भीमाशंकरची घंटा

भीमाशंकरच्या देवळापुढची मोठी घंटा दर्शनाला गेलेल्या बहुतेक पुणेकरांनी पाहिलेली असते. ती मुळात चर्चची घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि आपापल्या देवांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात तशी एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांनी बांधलेल्या घाटावरही आहे, आणि तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आजही स्पष्ट दिसते.

यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १७९२ मध्ये, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी पुण्यात चर्चला जागा दिली. तेच आजचे क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. तेव्हा कारभारी नानाच होते. ज्यांच्या गावी चर्चची घंटा देवाला वाहिलेली, त्यांच्याच कारभारात चर्चला जमीन मिळाली. पुण्याच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि चर्चमधल्या खुणांचा अर्थ लावायला सुरुवातही इथूनच करावीशी वाटते. वस्तू आणि आकार हात बदलतात, घर बदलतात, आणि नव्या घरात नवा अर्थ धरतात. कॅथलिक चर्चची वास्तू तर अशीच घडत आलेली आहे.

सिटी चर्च निष्कलंक मरियेला वाहिलेले आहे. मरिया जन्मपापाच्या डागाशिवाय आईच्या उदरात आली, ही श्रद्धा रोमने अधिकृत धर्मसिद्धान्त म्हणून जाहीर केली ती १८५४ मध्ये. मग पुण्यात हे नाव त्याआधी बासष्ट वर्षे कसे? कारण पोर्तुगालच्या राजाने १६४६ मध्येच याच रूपातल्या मरियेला राज्याची रक्षणकर्ती मानले होते, आणि शिपाई आपली आई बरोबर घेऊन आले. तिची मूर्ती ओळखायला सोपी असते: पायाखाली चंद्रकोर, डोक्याभोवती बारा तारे, टाचेखाली साप. चंद्र आणि तारे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, साप पहिल्या पुस्तकातला.

आता इमारतीकडे. आपल्या देवळाचा गाभारा लहान, अंधारा, देवाच्या वस्तीचा. रोमन लोकांच्या देवळांचीही रीत साधारण अशीच होती. आत देव, यज्ञ बाहेर अंगणात. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, तेव्हा मोठ्या वास्तू बांधताना ख्रिस्ती लोकांनी देवळाचा नमुना घेतला नाही, बॅसिलिकाचा घेतला. बॅसिलिका म्हणजे कचेरी आणि बाजाराचे लांबट सभागृह. आधी तीनशे वर्षे ते एकमेकांच्या घरी जमत होते. त्यांना देव ठेवायला खोली नको होती, माणसे मावायला जागा हवी होती. चर्चसाठीचा मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, त्याचा अर्थच जमलेली मंडळी.

त्या सभागृहाच्या टोकाला अर्धगोल कोनाडा असे आणि तिथे न्यायाधीश बसे. चर्चमध्ये तिथे बिशपचे, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचे, आसन आले. आसनाला लॅटिनमध्ये ‘कॅथेड्रा’ म्हणतात, म्हणून आसन असलेले चर्च ते कॅथेड्रल. आपल्या कॅम्पाच्या बाजूचे सेंट पॅट्रिक्स १८५० मध्ये ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी उभे राहिले, म्हणून आयर्लंडच्या संताचे नाव. पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तो १८८६ मध्ये, आणि बिशपचे आसन आले तेव्हाच ते कॅथेड्रल झाले. म्हणजे कॅथेड्रलपण उंचीवर किंवा मनोऱ्यावर ठरत नाही, एका खुर्चीवर ठरते.

मधल्या लांब भागाला ‘नेव्ह’ म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या जहाजावरून आला. क्रुसाच्या आकाराचा नकाशा, उगवतीकडे तोंड करून प्रार्थना, हे सगळे पुढे रुजत गेले. पण इमारतीपेक्षा मला वेदीजवळ जास्त वेळ थांबावेसे वाटते.

वेदी पाहताना आधी कोपऱ्यांकडे बघावे. जुन्या पद्धतीच्या दगडी वेदीवर पाच लहान क्रूस कोरलेले असतात, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. ते ख्रिस्ताच्या पाच जखमा. दगडात हुतात्म्यांचे अवशेष ठेवायची रीत, कारण प्रारंभीचे ख्रिस्ती त्यांच्या थडग्यांपाशी जमून मिस्सा, म्हणजे मुख्य सामुदायिक उपासना, करत. ती बलिदानाची जागा आहे आणि जेवणाचे मेजही आहे, म्हणून वर पांढरे वस्त्र. फादर मिस्सा सुरू करताना वाकून तिचे चुंबन घेतात. जवळच कुलपाची छोटी पेटी असते, टॅबरनॅकल. लॅटिनमध्ये शब्दाचा अर्थ तंबू. वाळवंटात इस्राएल लोकांबरोबर चालणारा देवाचा मंडप. आत मिस्सातला पवित्र ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती भाकरी, जिच्यात ख्रिस्त प्रत्यक्ष असतो अशी कॅथलिकांची श्रद्धा. शेजारी नंदादीप तेवतो, आणि तो दिसला की माणसे उजवा गुडघा टेकवतात.

ही पेटी मुख्य वेदीवर मधोमध यावी, हा आग्रह सोळाव्या शतकात वाढला. प्रॉटेस्टंट सुधारक भाकरीतल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीवर प्रश्न विचारत होते. उत्तर म्हणून कॅथलिकांनी ती उपस्थिती डोळ्यांसमोर आणली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी १५७७ मध्ये चर्च कसे बांधावे, आत काय कुठे ठेवावे, याच्या बारीक सूचना लिहून काढल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने (१९६२–६५), पुन्हा मांडणी हलवली. वेदी भिंतीपासून सुटी झाली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, लॅटिनच्या जागी मराठीत मिस्सा ऐकू येऊ लागला. १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने मान्यता दिली; त्यांतले काही: जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे, आरती. काहींना हे परके वाटले, काहींना उसने. मला ते फार स्वाभाविक वाटते. ज्या धर्माने रोमन कचेरीचे सभागृह आपलेसे केले, त्याच्या घरात समई उपरी कशी ठरेल? पुण्यात तर हे लवकरच दिसू लागले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) आणि कॅथलिक भगिनी, म्हणजे नन, १९७०च्या दशकात एकत्र राहून भारतीय पद्धतीने उपासना करत होत्या.

हे सगळे एकदम समजून घ्यायचे असेल तर गुड फ्रायडेला चर्चमध्ये जावे. आदल्या संध्याकाळी मिस्सातले ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत झाल्यावर घंटा थांबलेल्या असतात. त्यांच्या जागी काही ठिकाणी लाकडी खुळखुळा वाजतो. वेदीवरचे वस्त्र काढलेले, दगड उघडा. टॅबरनॅकलचे दार सताड उघडे, आत काही नाही. नंदादीप विझलेला, आणि त्याच्यासमोर त्या दिवशी कोणी गुडघा टेकवत नाही. शनिवारी रात्री दाराबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यात क्रूस कोरतात, धुपाचे पाच खडे खोवतात, आणि चालू वर्षाचे चार आकडे.